प्रसिद्धीची वेळ आणि तिचे उत्तरदायित्व : ‘केसरी’च्या मंगळवारापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिफारशीपर्यंत

१. प्रस्तावना

मजकूर कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्याचा परिणाम काय झाला या प्रश्नांचा विचार नियतकालिकांच्या इतिहासलेखनात विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या तुलनेत मजकूर केव्हा प्रसिद्ध झाला, तो त्याच वेळी का प्रसिद्ध झाला आणि ती वेळ कोणी ठरविली, हे प्रश्न बहुधा तळटिपेपुरते मर्यादित राहिले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात समाजमाध्यमांच्या प्रसाराबरोबर या दुय्यम वाटणाऱ्या प्रश्नाला स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले. पोस्ट कोणत्या वारी व कोणत्या तासाला टाकावी याची शिफारस करणारी संगणकीय साधने बाजारात आली आणि पुढे ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. वृत्तपत्रे, राजकीय पक्ष, व्यापारी संस्था यांच्याबरोबरच शैक्षणिक संस्थाही अशा साधनांचा वापर करू लागल्या आहेत.

या साधनांकडे सामान्यतः सोयीचे तंत्र म्हणून पाहिले जाते. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्यांच्यामुळे घडलेला बदल अधिक खोलवरचा आहे. पूर्वी प्रसिद्धीची वेळ ही प्रकाशक आणि वाचक या दोघांनाही ठाऊक असलेली, जाहीर केलेली बाब होती. आता ती वाचकाच्या सवयींवरून, वाचकाच्या नकळत, काढलेले अनुमान झाली आहे. या बदलामुळे वेळेविषयीचे उत्तरदायित्व कोणाकडे राहते, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मुद्रण व प्रक्षेपण या दोन कालखंडांत प्रसिद्धीची वेळ कशी ठरत असे याचा महाराष्ट्राच्या संदर्भात आढावा घेणे.
(२) समाजमाध्यमांवरील वेळनिश्चितीच्या साधनांचा २००८ नंतरचा विकास व त्यांची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
(३) या साधनांच्या मर्यादा तपासून सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. साधनांच्या व्यापारी यशापयशाचे मूल्यमापन हा या निबंधाचा विषय नाही.

३. मुद्रणाचा काळ : जाहीर केलेला वार

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. प्रारंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक झाले आणि शुक्रवार हा त्याचा वार ठरला. १८८१ च्या जानेवारीत पुण्याहून ‘मराठा’ हे इंग्रजी आणि ‘केसरी’ हे मराठी पत्र निघाले. ‘मराठा’चा पहिला अंक रविवार, २ जानेवारी रोजी आणि ‘केसरी’चा पहिला अंक मंगळवार, ४ जानेवारी रोजी प्रसिद्ध झाला. साप्ताहिकाच्या काळात मंगळवार आणि ‘केसरी’ यांचे नाते वाचकांच्या मनात पक्के झाले.

हे वार ठरविताना छापखान्याची क्षमता, टपालाची व्यवस्था आणि बातम्या येण्याचा क्रम यांचा विचार अपरिहार्य होता. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, १८५४ च्या टपाल कायद्याने अंतराऐवजी वजनावर आधारलेले दर आले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई व पुणे ही शहरे सलग लोहमार्गाने जोडली गेली. अंक केव्हा निघतो यापेक्षा तो तालुक्याच्या गावी केव्हा पोहोचतो, हे संपादकाला महत्त्वाचे होते. एक अंक अनेकांच्या हाती जात असे आणि एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे ही रीत सर्वत्र होती. अशा सामूहिक वाचनासाठी ठरलेला वार आवश्यक होता, कारण वार ठाऊक नसेल तर ऐकणारे जमणार कसे?

ठरलेल्या वाराचा दुसरा परिणाम कायदेशीर होता. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे अंकावर छापणे बंधनकारक केले. कालांतराने या कायद्याखालील प्रतिज्ञापत्रात नियतकालिकाचा कालावधी नमूद करणे आवश्यक झाले आणि कालावधी बदलल्यास नवे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. २०२३ च्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याने, जो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, ही जुनी व्यवस्था बदलली. परंतु प्रसिद्धीचा कालक्रम ही शासनासमोर व वाचकांसमोर जाहीर करण्याची बाब आहे, हे तत्त्व दीर्घकाळ मान्य राहिले.

वेळेचे उत्तरदायित्व किती गंभीर असू शकते, याचे उदाहरण १८९७ मध्ये दिसते. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त व शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोन्ही दिवस मंगळवार होते. या एका आठवड्याच्या अंतरावरून अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी काहूर उठविले. लोकमान्य टिळकांना २७ जुलै रोजी अटक झाली आणि १४ सप्टेंबर रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. लेख आणि हत्या यांच्यात संबंध जोडणे अन्याय्य होते, हे नंतरच्या इतिहासकारांनी दाखविले आहे. मात्र तसे दाखविता आले ते प्रसिद्धीची तारीख, ती ठरविणारी व्यक्ती आणि तिचे कारण या तिन्ही गोष्टी उघड होत्या म्हणून. अंक मंगळवारी निघाला, कारण तो दर मंगळवारीच निघत असे. जाहीर वार संपादकावर जबाबदारी टाकत होता, तसाच तो त्याच्या बचावाचा पुरावाही ठरत होता.

४. प्रक्षेपणाचा काळ : मोजलेली पण सर्वांसाठी समान वेळ

विसाव्या शतकात घड्याळाची वेळ हीच सार्वजनिक वादाचा विषय बनली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईतील गिरणी कामगारांनी व नागरिकांनी तिला विरोध केला आणि मुंबई महापालिकेने १९५५ पर्यंत स्थानिक वेळ कायम ठेवली. सामाईक वेळ कोणती असावी हा प्रश्न उघड सभेत, ठरावाने आणि विरोधाने सुटावा, अशी त्या काळाची धारणा होती.

आकाशवाणीने आणि पुढे दूरचित्रवाणीने वाराबरोबर तासही निश्चित केला. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री आठ वाजता लागे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या ‘रामायण’ मालिकेमुळे रस्ते ओस पडत. या कार्यक्रमांची वेळ सर्वांसाठी एकच असल्याने ती समाजाच्या दिनक्रमाचा भाग झाली.

याच काळात श्रोत्यांच्या सवयी मोजण्याचे तंत्र विकसित झाले. अमेरिकेत नील्सन कंपनीने १९४२ मध्ये ‘ऑडिमीटर’ या यंत्राच्या साहाय्याने रेडिओश्रवणाची राष्ट्रीय मोजणी सुरू केली आणि १९५० मध्ये ती दूरचित्रवाणीकडे वळविली. भारतात १९९८ मध्ये टॅम आणि २०१५ मध्ये बार्क या संस्थांची मोजणी सुरू झाली. कोणत्या तासाला किती प्रेक्षक असतात यावर जाहिरातींचे दर ठरू लागले. वेळ वाचकाच्या सवयींवरून ठरविण्याची प्रवृत्ती म्हणूनच समाजमाध्यमांपेक्षा जुनी आहे. तथापि दोन गोष्टी कायम होत्या. मोजणीनंतर ठरलेली वेळ सर्वांसाठी एकच असे व ती आगाऊ जाहीर होई. तसेच मोजणीच्या पद्धतीविषयी सार्वजनिक वाद घालता येई. गुणांकनातील गैरप्रकारांच्या आरोपांनंतर बार्कने ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक गुणांकन स्थगित केले व ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मोजणाऱ्याला जाब विचारता येतो, हे यातून दिसून आले.

५. समाजमाध्यमे : पोस्टचे अल्पायुष्य

फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ सुरू केले आणि त्याच वर्षी ट्विटरचा जन्म झाला. या माध्यमांत नवा मजकूर जुन्याला खाली ढकलतो. त्यामुळे मजकुराचे आयुष्य मोजण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. बिटली या दुवे लहान करून देणाऱ्या सेवेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार ट्विटरवर दिलेल्या दुव्याचे सरासरी अर्धायुष्य २.८ तास, तर फेसबुकवरील दुव्याचे ३.२ तास होते. अर्धायुष्य याचा अर्थ असा की, मजकुराला उच्चांकी प्रतिसाद मिळाल्यानंतर पुढे मिळणाऱ्या एकूण प्रतिसादांपैकी निम्मे प्रतिसाद एवढ्या अवधीत येऊन जातात. साप्ताहिकाचा अंक आठवडाभर हाती राहत होता. येथे मजकूर दुपारी निघाला तर सायंकाळपर्यंत तो मागे पडत होता. वेळनिश्चितीच्या साधनांची गरज या अल्पायुष्यातून निर्माण झाली.

६. साधनांचा विकास व कार्यपद्धती

या साधनांच्या विकासाचे तीन टप्पे करता येतात. पहिला टप्पा वेळापत्रकाचा होता. कॅनडात २००८ मध्ये सुरू झालेले हूटसूट आणि २०१० मध्ये सुरू झालेले बफर या सेवांनी मजकूर आधी लिहून ठेवून नंतर आपोआप प्रसिद्ध करण्याची सोय दिली. वेळ मात्र मनुष्यच ठरवीत होता.

दुसरा टप्पा संख्याशास्त्रीय शिफारशीचा होता. खात्याच्या जुन्या पोस्टना कोणत्या तासाला किती प्रतिसाद मिळाला हे पाहून साधनेच वेळ सुचवू लागली. या टप्प्यावरील एक महत्त्वाचे संशोधन २०१५ मध्ये लिथियम टेक्नॉलॉजीज या कंपनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांनी १२० दिवसांतील १४ कोटी ४० लाख पोस्ट व त्यांना मिळालेल्या ११० कोटींहून अधिक प्रतिसादांचा अभ्यास केला. बहुसंख्य प्रतिसाद पोस्टनंतरच्या पहिल्या दोन तासांतच येतात, असे त्यांना आढळले. व्यक्तिनिहाय वेळापत्रक पाळल्यास प्रतिसादात फेसबुकवर १७ टक्क्यांपर्यंत व ट्विटरवर ४ टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्यापारी जाहिरातींत दिली जाणारी आश्वासने पाहता हे आकडे संयत आहेत आणि दोन माध्यमांतील तफावत लक्षणीय आहे.

तिसरा टप्पा स्वयंशिक्षित प्रणालींचा आहे. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘रेडक्वीन’ या अल्गोरिदमने प्रश्नाची मांडणीच बदलली. दिवसातील उत्तम तास शोधण्याऐवजी, अनुयायांच्या फीडमध्ये पोस्ट किती खाली गेली आहे हे पाहून पुढची पोस्ट केव्हा करावी, हे त्यात सतत नव्याने ठरते. २०२३ पासून बफर व हूटसूट यांनी मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही जोडली. परिणामी मजकूर आणि वेळ हे दोन्ही निर्णय एकाच यंत्रणेकडे सोपविणे शक्य झाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. खात्याच्या नोंदींवर चालणारे साधन आणि प्रश्नाला भाषेत उत्तर देणारी संवादप्रणाली या भिन्न गोष्टी आहेत. संवादप्रणालीला खात्याच्या नोंदी दिल्या नसतील, तर ‘पोस्ट केव्हा करावी’ या प्रश्नावर तिने दिलेले उत्तर हे पूर्वी इतरत्र छापलेल्या सर्वसाधारण सल्ल्याचे सार असते. ते संबंधित वाचकवर्गाच्या निरीक्षणातून आलेले नसते.

७. मर्यादांचे विवेचन

पहिली मर्यादा पुराव्याच्या अपुरेपणाची आहे. आठवड्याचे तास १६८ होतात. एखादे महाविद्यालय आठवड्याला पाच पोस्ट करीत असेल, तर वर्षाला सुमारे २६० पोस्ट होतात. त्या सर्व तासांत समान विभागल्या तरी एका तासाच्या वाट्याला दोन पोस्टही येत नाहीत. प्रत्यक्षात त्या कार्यालयीन वेळेतच टाकलेल्या असल्याने बहुतेक तास रिकामेच राहतात. ज्या तासाला कधी पोस्टच केली नाही, त्या तासाचा प्रतिसाद साधनाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मग ते इतर खात्यांच्या सरासरीचा आधार घेते किंवा जुनी सवयच उत्तम असल्याचे सांगते. अशी शिफारस पाळली की तिला अनुकूल असा पुरावा आणखी वाढतो आणि वर्तुळ पूर्ण होते.

दुसरी मर्यादा ‘सरासरी वाचक’ या कल्पनेची आहे. रात्री वीज मिळते म्हणून पिकाला पाणी देण्यास जागणारा शेतकरी, रात्रपाळीची परिचारिका, घरातील एकच फोन सायंकाळी हाती येणारी विद्यार्थिनी हे सर्व एकाच पृष्ठाचे वाचक असू शकतात. परदेशस्थ मराठी वाचकांचा विचार केल्यास गुंतागुंत वाढते. भारतात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्क परिसरात हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. अशा विभागलेल्या वाचकवर्गात अधिक प्रतिसाद देणाऱ्या गटाची वेळ उत्तम ठरते. जो गट कमी व्यक्त होतो त्याची वेळ साधनाच्या दृष्टीस पडत नाही. प्रतिसाद आणि गरज यांत साधन भेद करू शकत नाही.

तिसरी मर्यादा माध्यमांच्या अंतर्गत बदलाची आहे. २०१६ मध्ये ट्विटरने फेब्रुवारीत, तर इन्स्टाग्रामने मार्चमधील घोषणेनंतर कालक्रमानुसार मांडणी सोडून अल्गोरिदमवर आधारित मांडणी स्वीकारली. लोक आपल्या फीडमधील सरासरी ७० टक्के मजकूर पाहतच नाहीत, असे कारण इन्स्टाग्रामने दिले होते. पोस्ट केव्हा टाकली आणि ती केव्हा दिसली यांतील थेट संबंध त्यामुळे सैल झाला. ‘रेडक्वीन’सारख्या पद्धतींचा पाया उलट कालक्रमाची मांडणी हाच होता. ताजेपणाला अद्याप महत्त्व आहे. परंतु वेळ सुचविणारे साधन आणि मजकूर दाखविणारी प्रणाली या दोन वेगळ्या कंपन्यांच्या हाती असून, दुसरीचे नियम पहिलीला पूर्णपणे ज्ञात नसतात.

८. वेळेचे उत्तरदायित्व

वरील मर्यादा तंत्र सुधारल्याने काही अंशी दूर होतील. उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र तंत्राच्या सुधारणेने सुटणारा नाही. प्रसिद्धीच्या वेळेला लोकशाहीत कायदेशीर महत्त्व आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या निर्धारित वेळेपूर्वीच्या ४८ तासांत प्रचारावर निर्बंध असतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी समाजमाध्यम कंपन्यांनी स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली आणि या ४८ तासांत आयोगाकडून आलेल्या तक्रारीवर तीन तासांत कार्यवाही करण्याचे मान्य केले. आधी लिहून ठेवलेली पोस्ट या अवधीत आपोआप प्रसिद्ध झाली, तर ‘ती वेळ यंत्राने निवडली’ हे उत्तर पुरेसे मानता येणार नाही. निवड यंत्रावर सोपविणे हाही मनुष्यानेच घेतलेला निर्णय असतो.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर आणखी एक अडचण उभी राहते. जुन्या अंकावरील तारखेवरून प्रसिद्धीचा क्रम कळतो आणि संपादकाचा पत्रव्यवहार व समकालीन घटना यांवरून तिचे कारणही शोधता येते. पोस्टवर सेकंदापर्यंतची नोंद असते, परंतु तीच वेळ का निवडली याची नोंद राहत नाही. शिवाय संशोधकांना उपलब्ध असलेले मार्गही अरुंद झाले आहेत. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, २०२३ मध्ये माहितीची विनामूल्य उपलब्धता जवळजवळ बंद केली आणि फेसबुक व इन्स्टाग्रामच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. तारखेचा तपशील वाढला आणि तिचा अर्थ लावण्याची साधने घटली, अशी ही स्थिती आहे.

शैक्षणिक संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. प्रवेशाची मुदत, परीक्षा अर्जाची तारीख किंवा शिष्यवृत्तीची सूचना यांचे यश मिळालेल्या पसंतीच्या संख्येवर मोजता येत नाही. सर्वाधिक प्रतिसाद देणारे विद्यार्थी बहुधा आधीच माहितगार असतात. ज्याच्यासाठी सूचना खरोखर आवश्यक आहे, तो विद्यार्थी साधनाच्या नोंदींत अनुपस्थित असण्याचीच शक्यता अधिक असते. जुन्या सूचनाफलकाचा गुण हा होता की, तो कोठे आहे व केव्हा पाहावा हे सर्वांना ठाऊक होते.

९. निष्कर्ष

(१) प्रसिद्धीची वेळ वाचकांच्या सवयी पाहून ठरविणे ही समाजमाध्यमांची देणगी नसून, टपालाच्या वेळापत्रकापासून गुणांकनापर्यंत तिची दीर्घ परंपरा आहे.

(२) मुद्रण व प्रक्षेपणाच्या काळात ठरलेली वेळ जाहीर व सामाईक होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ती अनुमानित व अघोषित केली. या कालखंडातील मूलभूत बदल हाच आहे.

(३) या साधनांमुळे होणारा लाभ वास्तव परंतु मर्यादित आहे. अल्प पोस्ट करणाऱ्या लहान संस्थांच्या बाबतीत शिफारशीचा आधार विशेष दुर्बल ठरतो.

(४) प्रतिसाद वाढविणे आणि सूचना पोहोचविणे ही भिन्न उद्दिष्टे आहेत. पहिल्यासाठी या साधनांचा उपयोग करण्यास प्रत्यवाय नाही. दुसऱ्यासाठी ठरलेला वार व ठरलेली वेळ आगाऊ जाहीर करणे अधिक न्याय्य होय.

(५) सार्वजनिक संस्थांनी वेळनिश्चितीसाठी साधन वापरल्यास त्याची, तसेच निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद ठेवावी. अशी नोंद आजच्या प्रशासनाइतकीच उद्याच्या इतिहासकाराच्याही उपयोगी पडेल.

‘केसरी’चा मंगळवार वाचकाला सोयीचा होताच असे नाही, परंतु तो वाचकाला ठाऊक होता आणि त्याबद्दल संपादकाला विचारणा करता येत होती. वेळ यंत्राने सुचविली तरी ती विचारणा ऐकून घेणारा मनुष्य संस्थेत असला पाहिजे.